तसबिरींची वही घरीं कशी बांधावी

पुष्कळांच्या घरीं आजी-आजोबांच्या तसबिरी पत्र्याच्या डब्यांत पडून असतात. त्यांत कोण उभें आहे हें सांगणारें माणूस गेलें, कीं ती तसबीर मुकी होते. म्हणून आमच्या मतें वहीचें काम शिसपेन्सिल घेऊन सुरू करावें. वडील मंडळींस जवळ बसवून नांव, गांव व साल विचारावें आणि तें कागदाच्या पट्टीवर लिहून घ्यावें. तसबिरीच्या पाठीवर शाईनें लिहूं नये. ती पुढें उतरण्याचें भय असतें.

पानांस जाड, साधा कागद घ्यावा. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळें पिवळा पडतो व शेजारच्या कागदासहि डागाळतो. तसबिरी लाविल्यावर वही तोंडाशीं फुगते. याकरितां दर दोन पानांमध्यें पाठीच्या बाजूस बोटभर रुंद पट्टी घालून मग दोऱ्यानें शिवावें. ही युक्ति पुस्तकें बांधणाऱ्यांची आहे, व वही टिकते ती हिच्यामुळेंच.

तसबीर मात्र कधींहि चिकटवूं नये. कागदाचे चार त्रिकोणी कोपरे दुमडून ते पानास चिकटवावे व त्यांत ती बसवावी. पुठ्ठ्याच्या खळींत कसर लागूं नये म्हणून मोरचूद घालतात. ती खळ तसबिरीपासून दूरच बरी. बाजारांतील चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या वह्या दिसावयास सुबक, परंतु कांहीं वर्षांनीं त्यांतून तसबीर निघतां निघत नाहीं.

ज्या चेहऱ्याचें नांव कोणासच सांगतां येत नाहीं, त्याच्या खालीं जागा मोकळी ठेवावी. लग्नकार्यास आलेला एखादा दूरचा पाहुणा ती भरून देतो.