इवल्या आईचे अवघड बाळंतपण

चिवावा, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या जातींच्या बाजारात पिल्लू जितके खुजे, तितकी त्याची किंमत चढी. ‘टीकप’ या नावाने विकली जाणारी पिल्ले ही काही वेगळी जात नव्हे. ती याच जातींमधली सर्वांत लहान चणीची पिल्ले असतात. अमेरिकन केनेल क्लबच्या निकषानुसार चिवावाचे वजन ६ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे पावणेतीन किलोंपेक्षा जास्त नसावे. टीकप मादी बहुधा दोन किलोंच्याही आत असते. तिला गाभण राहू देणे तिच्या जिवावर बेतू शकते.

याचे मूळ कारण मापात आहे. आई जितकी लहान, तितके पोटातले पिल्लू लहान होत नाही. ३० किलोंच्या लॅब्रॅडॉर मादीचे नवजात पिल्लू साधारण ४०० ग्रॅमचे, म्हणजे आईच्या वजनाच्या दीड टक्क्याहूनही कमी असते. २ किलोंच्या चिवावाचे १०० ग्रॅमचे पिल्लू मात्र तिच्या वजनाच्या ५ टक्के भरते. छोट्या जातींच्या एका वेतात पिल्ले थोडी असतात. पोटात एकच पिल्लू असेल, तर ते आणखी पोसले जाते. चिवावाचे डोके मुळातच गोल व मोठे असते आणि आईच्या कमरेच्या हाडांमधली वाट अरुंद. नर अंगाने थोराड असेल, तर अडचण वाढते.

कुत्रीचे गर्भारपण सुमारे ६३ दिवसांचे असते. एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असणारे तिचे तापमान विण्याच्या साधारण एक दिवस आधी ९९ अंशांच्या खाली उतरते. त्यानंतरही कळा सुरू न होणे, अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर न येणे, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक खंड पडणे किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसणे, ही मादी अडल्याची लक्षणे होत. काही वेळा पिल्लू अडकलेले नसते, पण गर्भाशयच पुरेसे आकुंचन पावत नाही. छोट्या जातींत हे वारंवार घडते. अशा वेळी घरच्या घरी कळांचे इंजेक्शन देणे घातक ठरते, कारण पिल्लू खरोखर अडकले असेल तर गर्भाशय फाटू शकते.

मादी अडली की बऱ्याचदा सिझेरियन करावे लागते. लहान शरीरातली उष्णता लवकर निघून जाते आणि साखरेचा साठाही तुटपुंजा असतो. त्यामुळे भूल दिल्यावर शरीर गार पडण्याचा व रक्तातली साखर उतरण्याचा धोका मोठ्या कुत्रीपेक्षा अधिक असतो. थोडासा रक्तस्रावही तिला भारी पडतो.

सुखरूप व्याल्यानंतरही काळजी संपत नाही. दूध भरात असताना, विशेषतः पहिल्या चार आठवड्यांत, रक्तातले कॅल्शियम अचानक घटू शकते. मादी अस्वस्थ होते, धापा टाकते, थरथरते. पुढे अंग ताठ होऊन झटके येतात. तातडीने शिरेतून कॅल्शियम न दिल्यास ती दगावते. हे टाळण्यासाठी गर्भारपणात कॅल्शियमच्या गोळ्या चारणे उलटे पडते. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतला साठा वापरण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेला कमी पडते.

पिल्लांचेही हाल होतात. इवली पिल्ले लवकर गारठतात आणि एखादे दूध चुकले तरी साखर उतरून मलूल होतात. टाळू न भरणे, डोक्यात पाणी साठणे, गुडघ्याची वाटी सरकणे हे दोषही या जातींमध्ये आढळतात.

म्हणूनच जाणकार प्रजननकर्ते छोट्या जातीतलीही सर्वांत खुजी मादी वगळतात. थोडी मोठी मादी व तिच्याहून लहान नर निवडतात. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढला की पिल्लांची संख्या मोजता येते आणि डोक्याच्या मापाचा अंदाज येतो. गरज असल्यास शस्त्रक्रिया आधीच ठरवता येते. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार व्यावसायिक प्रजननासाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि मादी १८ महिन्यांहून मोठी व पशुवैद्यकाने निरोगी ठरवलेली असावी लागते. वजनाच्या बाबतीत निर्णय पशुवैद्यकाच्या तपासणीवरच सोडावा लागतो. जिची चण फारच लहान आहे, तिची वेळेवर नसबंदी केली की बाळंतपणाचा धोका मुळातच टळतो.