सरकारी कंत्राट आणि लहान व्यापारी

जिल्हा परिषद शाळांसाठी बाके घेते, दवाखान्यांसाठी खाटा आणि चादरी घेते. नगरपालिका दिवे, नळ, झाडू, रंग आणि पाण्याचे मीटर घेते. तहसील कचेरीला कागद लागतो, वसतिगृहाला धान्य लागते, आणि या सर्वांच्या इमारतींची डागडुजी दरसाल करावीच लागते. हा सगळा माल कोणी तरी पुरवितो आणि ही सगळी कामे कोणी तरी करतो. तो कोणी तरी आपल्या गावातला सुतार, छापखानेवाला किंवा शिवणकाम करणारा महिलांचा गट का असू नये? हा प्रश्न विचारला की बहुधा एकच उत्तर मिळते : "अहो, टेंडर आधीच ठरलेले असते. आपण कशाला त्या भानगडीत पडायचे?"

हे उत्तर सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते सर्वस्वी खरे मानले तर त्याचा परिणाम काय होतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. दहा माणसे भरू शकतील अशी निविदा दोघांनीच भरली, तर त्या दोघांना आपापसांत दर ठरविणे सोपे जाते. हे केवळ तर्काने सांगत नाही. पुणे महानगरपालिकेच्या कचरा-प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 साली काही कंपन्यांना दंड ठोठावला. ती तक्रार नागरिकांच्याच एका संस्थेने केली होती. संगनमताने वाढलेला दर अखेर घरपट्टी भरणाऱ्याच्याच खिशातून जातो. म्हणून प्रामाणिक माणसाने निविदा भरणे हा त्याचा धंदा तर आहेच, पण ते गावाचेही एक काम आहे.

कंत्राटदारी हा शब्द आपल्याकडे थोडा नाक मुरडून उच्चारला जातो. तथापि महात्मा जोतीराव फुले हे स्वतः कंत्राटदार होते, आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामास त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरविले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आपला परिचय व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य असाच करून दिला. धंदा हलका नसतो, तो करण्याची रीत हलकी किंवा भारी असते.

आता मुख्य विषयाकडे वळू. पहिला प्रश्न असा की, सरकारला काय हवे आहे हे कळावे कोठून? पूर्वी कचेरीच्या फलकावर आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सूचना येई, आणि ती नेमकी हव्या त्याच माणसाच्या दृष्टीस पडे. हल्ली मोठ्या खरेदीच्या आणि कामांच्या निविदा संगणकावरून मागविल्या जातात. राज्य शासनाची खाती, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका यांच्या ई-निविदा 'महाटेंडर्स' या शासकीय संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. त्या वाचण्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही. नोंदणी आणि अंकीय स्वाक्षरी लागते ती निविदा भरण्यासाठी. दुसरी जागा म्हणजे 2016 साली केंद्र सरकारने सुरू केलेली 'जेम' ही सरकारी बाजारपेठ. तेथे दुकानदार आपला माल मांडतो तसा पुरवठादार आपला माल मांडून ठेवू शकतो. केंद्राच्या खात्यांना तेथे मिळणारा माल तेथूनच घेण्याचे बंधन आहे, आणि महाराष्ट्रातील कार्यालयेही तिचा उपयोग करतात.

परंतु निविदा निघाल्यावर धावपळ सुरू करणारा बहुधा उशीर करतो. शहाणा व्यापारी आधी अंदाजपत्रक पाहतो. सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. जिल्हा परिषदेने शाळांच्या फर्निचरासाठी या वर्षी रक्कम धरली आहे की नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या निविदेची चाहूल काही महिने आधी लागते. मागील वर्षी हाच माल कोणी, कोणत्या दराने दिला याचीही माहिती मिळविता येते. पूर्ण झालेल्या निविदांचे निकाल त्याच संकेतस्थळावर पाहता येतात, आणि तेथे न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो.

दुसरा प्रश्न कागदांचा. निविदा साधारणतः दोन लिफाफ्यांची असते. पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. हे लिफाफे आता संगणकातले असले तरी नियम जुनाच आहे : पहिल्या लिफाफ्यातील कागद पुरे पडले तरच दुसरा उघडतो. म्हणजे तुमचा दर सर्वांत कमी असूनही, एक दाखला राहून गेला तर तो दर कोणी वाचणारदेखील नाही. पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, आयकर विवरणे, मागील कामांचे दाखले, लेखापरीक्षकाने प्रमाणित केलेली उलाढाल, हे सर्व एका फायलीत बारमाही तयार असावे. बांधकामासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याकडील ठेकेदार नोंदणी वेगळी लागते. लहान कामांचा काही वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. तरुण अभियंत्यांनी तिची चौकशी अवश्य करावी.

निविदा सूचना वाचताना आम्ही एक साधी शिस्त सुचवितो. प्रथम शेवटची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. मग बयाणा रक्कम किती, सुरक्षा ठेव किती आणि ती किती दिवस अडकणार, हे पाहावे. नंतर मालाचे वर्णन, पोहोचविण्याची मुदत आणि विलंबाचा दंड वाचावा. शंका असल्यास निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावी, कारण तेथील तोंडी आश्वासन पुढे कोणी ओळखत नाही. शेवटी, शुद्धिपत्रक निघाले आहे काय हे भरण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे, आणि शेवटच्या तासाची वाट पाहू नये. वीज गेली ही सबब कचेरीचे घड्याळ ऐकत नाही.

तिसरा प्रश्न दराचा. लहान माणूस सर्वांत जास्त येथे बुडतो. उदाहरणार्थ, शाळेची 200 बाके पुरवायची आहेत. लाकूड, लोखंड आणि मजुरी मिळून एका बाकास 3,000 रुपये पडतात. वाहतूक 150, बसविणे 50, कागदपत्रे आणि अडकलेल्या ठेवीचे व्याज 100. म्हणजे जीएसटी वगळून खर्च 3,300 झाला. काम मिळवायचेच म्हणून कोणी 3,250 भरले तर तो काम जिंकतो आणि 10,000 रुपये हरतो. आता समजा त्याने शहाणपणाने 3,500 भरले. बाकामागे 200, म्हणजे एकूण 40,000 रुपये नफा दिसतो. पण बिल सहा महिने रखडले आणि गुंतलेले 6,60,000 रुपये दरसाल दर शेकडा 18 ने कर्जाऊ घेतलेले असले, तर व्याज 59,400 होते. नफा तर गेलाच, शिवाय घरातून 19,400 घालावे लागले. शिवाय कराराचे मूल्य अडीच लाखांच्या वर असल्यास सरकारी कार्यालय बिलातून दोन टक्के जीएसटीची कपात करते. ती रक्कम आपल्या खात्यात जमा होते हे खरे, पण हातात रोख कमी येते. म्हणून दर ठरविताना मालाच्या किमतीइतकाच वेळाच्या किमतीचाही हिशेब केला पाहिजे. ज्याला सहा महिने तग धरण्याइतके भांडवल नाही, त्याने 200 ऐवजी 40 बाकांची निविदा शोधावी. त्यात कमीपणा नाही.

लहान उद्योगांसाठी कायद्याने काही आधार दिले आहेत. केंद्राच्या 2012 च्या खरेदी-आदेशाप्रमाणे केंद्रीय खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. तो आरंभी 20 टक्के होता, 2018 मध्ये 25 टक्के झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 आणि महिला उद्योजकांसाठी 3 टक्के आहेत. अशा उद्योगांना निविदा-पत्रे विनामूल्य मिळतात आणि बयाण्याची माफी असते. मोठ्या कारखान्याचा दर सर्वांत कमी ठरला आणि लहान उद्योगाचा दर त्याहून 15 टक्क्यांच्या आत असला, तर कमी दराशी बरोबरी करून त्याला निविदेचा चौथा हिस्सा मिळू शकतो. मोठ्याचा दर 3,500 असेल तर 4,025 पर्यंतचा लहान माणूस या पंक्तीत बसतो, पण माल मात्र 3,500 नेच द्यावा लागतो. ते परवडते का, हे आधीच ठरवावे. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. हा आदेश केंद्राचा आहे. जिल्हा परिषद राज्याच्या नियमांनी चालते, तेव्हा तेथील सवलत सूचनेतच वाचावी. आणि ही सवलत माल तयार करणाऱ्यास व सेवा देणाऱ्यास आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास नाही.

काम मिळाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. लेखी पुरवठा आदेश हाती येण्यापूर्वी माल हलवू नये. माल पोहोचताच तारखेसह सही आणि शिक्का घ्यावा. ती पोच म्हणजेच पुढच्या सर्व मागण्यांचा पाया. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, 45 दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. त्यासाठी राज्यातील सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेचा निर्णय विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला न्यायालयात जायचे असले, तर निवाड्याच्या 75 टक्के रक्कम त्याला आधी भरावी लागते. पण या सर्वांसाठी उद्यम नोंदणी आधीपासून असली पाहिजे. ती विनामूल्य आहे, आणि तरीही हजारो रुपये घेऊन ती करून देणारे दलाल आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि अन्याय झाला तर? या बाबतीत मुंबई विमानतळावरील एका उपाहारगृहाची हकीकत बोधप्रद आहे. त्या निविदेत, निविदा भरणारा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलवाला असावा अशी अट होती. कंत्राट मात्र ही अट न पुरविणाऱ्यास दिले गेले. रमण दयाराम शेट्टी यांनी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 1979 साली न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, शासनाने स्वतः घातलेली अट शासनावरही बंधनकारक असते. मर्जीप्रमाणे ती सोडता येत नाही. तत्त्व जिंकले. पण कंत्राट रद्द झाले नाही. तक्रार उशिरा आली होती, तोवर दुसऱ्या पक्षाने खर्च केला होता, आणि तक्रारदाराने स्वतः निविदा भरलेलीच नव्हती. ज्यांना टेंडरात अन्याय होतो असे वाटते, त्यांनी या निकालाचे दोन्ही भाग वाचावे. कायदा आपल्या बाजूस आहे, परंतु तो रिंगणात उतरलेल्याच्या आणि वेळेवर बोलणाऱ्याच्या बाजूस अधिक आहे.

पहिल्याच निविदेत यश येईल असे आम्ही सांगत नाही. पहिली हरली तर आपला लिफाफा कोठे अडला, जिंकणाऱ्याचा दर काय होता, हे लिहून ठेवावे. तीन-चार निविदांच्या अशा टिपणांतून जे शिक्षण मिळते ते कोणत्याही दलालापाशी विकत मिळत नाही. टेंडर ठरलेले असते असे म्हणून आपण घरी बसलो, तर ते खरोखरच ठरलेले राहते. ते उघडे ठेवायचे असेल तर आपल्या गावातील चार प्रामाणिक माणसांनी, हिशेब नीट मांडून, त्यात आपला लिफाफा टाकला पाहिजे.