वीज जाईल तेव्हा पाणी कुठं जाईल?

आमचं धडगाव सातपुड्याच्या डोंगरात. तालुक्याच्या उत्तर अंगाने नर्मदा वाहते आणि पुढे भडोचपाशी समुद्राला मिळते. समुद्राशी आमचं नातं म्हणाल तर तेवढंच. अशा गावात मी गेली काही वर्षं घरी खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवलं आहे. शेजारची मुलं मासे बघायला येतात, टाकीत बोट बुडवून हळूच जिभेला लावतात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, "सर, खरंच खारट आहे!" त्यांच्यासाठी समुद्राची पहिली ओळख ती एवढीच.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं, ते मरिन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर. आमच्याकडे मात्र समुद्र तयार करावा लागतो. एक लिटर शुद्ध पाण्यात साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ. हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे समुद्रातले इतर क्षारही असतात. बोअरच्या पाण्यात आधीच नको ते क्षार असतात, म्हणून पाणी आरओचं घ्यायचं. इतक्या खटाटोपाने केलेलं पाणी फेकून द्यायचं नसतं, ते स्वच्छ राखायचं असतं. त्यासाठीच मुख्य टाकीच्या खाली, स्टँडच्या कपाटात, दुसरी टाकी ठेवतात. तिला 'संप' म्हणतात. कामगारांच्या संपाशी तिचा संबंध नाही. पण पंप संपावर गेला की काय होतं, हेच आज सांगायचं आहे.

रचना सोपी आहे. वरच्या टाकीच्या काठाशी एक दातेरी कडा असते. तिच्यावरून ओसंडणारं पाणी नळीतून खालच्या टाकीत येतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. खालच्या टाकीचे काचेच्या आडव्या पडद्यांनी तीन कप्पे करायचे. पहिल्या कप्प्यात वरून पाणी पडतं. तिथे गाळणीचं कापड आणि फेसावाटे घाण काढणारं स्किमर बसवायचं. शेवटच्या कप्प्यात पंप. आणि मधला कप्पा म्हणजे 'रेफ्युजियम'. या लॅटिन शब्दाचा अर्थ आसरा. मी त्याला आसराच म्हणतो.

आसरा कुणाला? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तितकं घातक नाही, पण ते साचत जातं. समुद्रात ते वनस्पती शोषतात, म्हणून आपणही खाली शेवाळ वाढवायचं. तारांच्या गुंत्यासारखं दिसणारं कीटोमॉर्फा हे शेवाळ त्यासाठी चांगलं. वाढलं की मूठभर काढून टाकायचं. त्या मुठीबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेटही टाकीबाहेर जातात. शिवाय त्या गुंत्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड जीव वाढतात. वर असते तर माशांनी केव्हाच फस्त केले असते. इथे त्यांची संख्या वाढते आणि थोडे थोडे पाण्याबरोबर वर जाऊन माशांचं ताजं खाणं होतात. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी 1980च्या दशकात शेवाळाच्या आधाराने प्रवाळभित्तीच्या परिसराची मोठी टाकी चालवून दाखवली. तत्त्व हेच.

आसऱ्यातला दिवा रात्री लावावा, वरचा दिवा बंद असताना. रात्री सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा सामू खाली येतो. त्या वेळी खालचं शेवाळ उजेडात काम करत असेल, तर ही घसरण कमी होते.

हे सगळं मी वाचून, समजून घेऊन केलं होतं. चूक झाली ती दुसरीकडेच. एका मे महिन्यात आम्ही घरचे सगळे दोन दिवस लग्नाला गेलो. वादळवाऱ्याने वीज गेली आणि बऱ्याच वेळाने आली. परतलो तर फरशीवर सुकलेल्या मिठाचे पांढरे पट्टे, पंप जळालेला आणि सात माशांपैकी पाच मेलेले. शेजारचा मुलगा दारात उभा होता. त्याने काही विचारलं नाही, पण उत्तर मला द्यायचंच होतं.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझी वरची टाकी 120 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 45 उंच. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी उतरतं. पंपाकडून येणाऱ्या नळीचं तोंड मी पाण्यात 15 सेंटिमीटर खोल ठेवलं होतं, दिसायला बरं म्हणून. पंप थांबला की हीच नळी उलटी चालते. बादलीतलं पाणी नळीने ओढून काढतो, तसं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली येत राहतं. 15 गुणिले 5.4, म्हणजे 81 लिटर. नळ्यांमधलं आणि ओसंडीच्या डब्यातलं सहा लिटर धरा, झाले 87. खालची टाकी 90 बाय 35 बाय 40 ची, काठोकाठ 126 लिटरची. तीत 79 लिटर पाणी आधीच होतं. जागा उरली 47 लिटरची. बाकीचे 40 लिटर फरशीवर.

गोष्ट तिथेच संपली नाही. वीज आल्यावर पंपाने पाणी वर चढवलं, पण 40 लिटर कमी पडले. पडद्यांमुळे आधीच्या कप्प्यांतलं पाणी टिकून राहतं आणि सगळी तूट पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कोरडा पडला, पंप तापून जळाला. पुढचे तास पाणी स्थिर राहिलं. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश कमी विरघळतो आणि पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यात हे व्हायचंच होतं.

आता नळीचं तोंड पातळीच्या फक्त तीन सेंटिमीटर खाली आहे. वीज गेली तर 16 आणि सहा, असे 22 लिटर खाली येतात आणि खालची पातळी सात सेंटिमीटर चढते. जागा आहे 15 सेंटिमीटरची. नळीला पातळीच्या जरा खाली एक बारीक भोकही पाडलं आहे. ते उघडं पडलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. मात्र शेवाळाने ते बुजतं, म्हणून दर आठवड्याला साफ करायचं. एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या झडपेवर विसंबू नये, क्षार साचले की ती नीट बंद होत नाही.

ज्यांना ही टाकी करायची आहे, त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी कपाटाच्या आतलं माप आणि दाराची रुंदी घ्या, मग खालची टाकी बनवा. स्किमर वर उचलून काढायला जागा सोडा. स्टँडवर वरच्या पाण्याचाच भार अडीचशे किलोच्या घरात जातो, हे सुताराला सांगा. सगळं जोडल्यावर साधं पाणी भरा, पंप चालवा आणि मुद्दाम बंद करा. पाणी चढायचं थांबेल तिथपर्यंत बघत बसा. चालू असताना पाणी जास्तीत जास्त कुठवर असावं, तिथे काचेवर लाल रेघ मारा. ती रेघ कधी ओलांडायची नाही. उन्हाळ्यात माझ्याकडे रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही रेघेपर्यंतच. आणि बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप वरच्या टाकीला लावून ठेवा. अंधारात खालचं शेवाळही प्राणवायू वापरतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट कायद्याची. 2001 पासून आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे. विक्रेता प्रवाळाचा तुकडा देऊ लागला तर घेऊ नये. जिवाणूंना राहायला भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे पुरतात. क्लाउन माशांची पैदास करण्याचं तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलं आहे. तेव्हा पैदाशीचेच मासे मागावेत.

माझ्या टाकीत आता मोजकेच मासे आहेत. वीज अजूनही जाते. गेली की शेजारचा तो मुलगा विजेरी घेऊन येतो, कपाटाचं दार उघडतो आणि पाणी चढताना बघतो. थांबलं की सांगतो, "सर, सात बोटंही नाही चढलं." मग आम्ही दोघं निवांत बसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)