यवक्षार आणि सज्जीखार : पालाशन्यून जमीन, सोडियम व तृणधान्ये

नोएडा हे नगर १९७६ साली यमुना व हिंडन या नद्यांमधील शेतजमिनीवर वसवले गेले. या दुआबाच्या हिंदीत नापीक खारट जमिनीला ‘ऊसर’ म्हणतात. संस्कृत ‘ऊषर’ हे त्याचे मूळ. मराठी शेतकरी मात्र ‘खारवट’ आणि ‘चोपण’ असा भेद करतो. खारवट जमिनीत विद्राव्य क्षारांचे आधिक्य असते. निचरा साधून ते धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसतो, म्हणून तिला आधी जिप्सम द्यावे लागते. अनुवादात दोहोंसाठी सरसकट ‘क्षारपड’ हा शब्द योजला, की उपायांतील भेदही लोपतो.

असाच दुसरा भेद आयुर्वेदाच्या परिभाषेने जपला आहे. जवाचे झाड जाळून त्याच्या राखेपासून मिळतो तो यवक्षार. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट असते. सज्जीखारात सोडियमचे कार्बोनेट प्रमुख असते. युरोपीय रसायनशास्त्रात या दोन अल्कलींचे वेगळेपण अठराव्या शतकात स्पष्ट झाले आणि दोन्ही मूलद्रव्ये हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली विलग केली. जवाची राख पोटॅशियमयुक्त निघते, याचा अर्थ तृणधान्याचे मूळ जमिनीतून निवडीने पालाश उचलते.

मग पालाश तुटपुंजे असेल तर सोडियम त्याची जागा घेईल काय? उत्तर ‘अंशतः’ असे आहे. पेशीतील रिक्तिकेत पालाशचे कार्य मुख्यतः पाणी धरून पेशीला ताठरता देण्याचे असते. ते सोडियमही करू शकतो. पेशीद्रवात मात्र पालाश अनेक विकरांना कार्यान्वित करतो आणि प्रथिननिर्मितीस आवश्यक असतो; तेथे सोडियमची मात्रा वाढल्यास ती बाधकच ठरते. भाताच्या पालाश-उपाशी मुळांत सोडियम आत घेणारा एक विशिष्ट वाहक कार्य करतो व त्यामुळे रोपाची वाढ काही प्रमाणात टिकते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्या प्रयोगातील सोडियमची मात्रा अल्प होती, हे विसरता कामा नये. सर्व धान्यांचा प्रतिसादही सारखा नसतो : पालाश कमी असता जव व ओट यांना सोडियमचा थोडा लाभ होतो, मक्याला जवळजवळ होत नाही.

तात्पर्य, सोडियम हा पालाशचा बदली कामगार आहे, वारस नव्हे. त्याच्या भरवशावर पालाशखत टाळणाऱ्याचे पीक आरंभी हिरवे दिसेल. पण पेंढा शेताबाहेर जात राहिला की दर हंगामाला जमिनीतील पालाश घटत जाईल, आणि जुन्या पानांच्या कडा करपू लागतील. तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने येथे प्रश्न केवळ शब्दांचा नाही. कृषिपत्रिकांच्या अनुवादात ‘क्षार’ या एका शब्दाखाली दोन मूलद्रव्ये व दोन प्रकारच्या जमिनी एकत्र झाल्या, तर त्या संदिग्धतेची किंमत वाचक नव्हे, शेतकरी मोजतो. बोलीने आणि शास्त्रपरंपरेने राखलेले भेद अनुवादातही राखणे, हे म्हणूनच आवश्यक आहे.