लहान कॅमेऱ्याला लेन्स कोणती घ्यावी?

मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा दहावीपाशी सुटली, आणि प्रकाशशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. आज जे सांगावयाचे आहे ते मी पुस्तके चाळून, चुका करून आणि सभासदांच्या वर्गणीतले काही पैसे वाया घालवून शिकलो आहे. तेव्हा निदान तो खर्च तरी श्रोत्यांच्या उपयोगी पडावा.

आमच्या युनियनने जुन्या कामगारांच्या आठवणी चित्रित करून ठेवण्याचे ठरविले. ऐपतीप्रमाणे एक लहान सेन्सरचा कॅमेरा घेतला. त्याच्याबरोबर आलेली लेन्स आपला फोकस आपणच लावून घेणारी होती. पहिलेच चित्रण 1982 च्या संपात उतरलेल्या एका निवृत्त विणकराचे. दहा फुटांची खोली, मागे भिंतीवर कॅलेंडर. म्हातारा बोलता बोलता पुढे झुके, हात उडवी, आणि लेन्स त्याचा चेहरा सोडून कॅलेंडराकडे धाव घेई. हे आम्हांला घरी आल्यावर कळले. पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत दोन महिन्यांत तो गृहस्थ वारला. त्याचा आवाज आमच्यापाशी आहे, चेहरा धुरकट आहे. कॅलेंडरावरच्या तारखा मात्र स्वच्छ वाचता येतात.

आजच्या महाग कॅमेऱ्यांना माणसाचा डोळा ओळखून धरता येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु स्वस्त आणि जुन्या कॅमेऱ्यात कोठे पाहावयाचे हे यंत्राने ठरविण्यापेक्षा माणसाने ठरविलेले बरे. सिनेमाच्या धंद्यात तर फोकस फिरविण्यासाठी स्वतंत्र माणूस असतो. आपल्याकडे तो माणूस आपणच.

आता सेन्सर म्हणजे काय, तर पूर्वी फिल्म असे त्या जागी बसविलेली प्रकाश टिपणारी पाटी. छायाचित्राच्या 35 मिलिमीटर फिल्मची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची. ऑलिम्पस आणि पॅनासोनिक यांनी 2008 साली मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत जाहीर केली; तिची पाटी 17.3 बाय 13 मिलिमीटरची, म्हणजे रुंदीने जवळजवळ निम्मी. आमचा कॅमेरा याच जातीचा. प्रत्येक लेन्स आपल्यामागे प्रकाशाचे एक वर्तुळ पाडते, आणि ते वर्तुळ पाटीचे चारही कोपरे झाकण्याइतके मोठे असावयास हवे. आमच्या पाटीचा कर्ण सुमारे 21.6 मिलिमीटर, 16 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचा तेराच्याही आत.

हा हिशेब मला आधी माहीत असता तर माझी दुसरी चूक टळली असती. जुन्या मालाच्या एका दुकानात 16 मिलिमीटर सिनेकॅमेऱ्याची एक सुबक, पितळी वजनाची लेन्स दिसली. ‘या कॅमेऱ्याला बसेल का?’ असे मी विचारले. ‘बसेल,’ असे दुकानदार म्हणाला. तो खोटे बोलला नाही, लेन्स बसली. चित्र मात्र मध्ये गोल आणि कोपऱ्यांत काळे, जणू नळकांड्यातून पाहावे तसे. तेव्हा ‘बसते का’ असे न विचारता ‘कोपरे भरते का’ असे विचारावे.

याच्या उलट, मोठ्या पाटीसाठी केलेली लेन्स लहान पाटीवर निर्धास्त चालते. वर्तुळाचा मधलाच भाग वापरला जातो. पण त्यामुळे दृश्य आकुंचते. आपल्याला किती रुंदीचे दृश्य मिळेल हे काढण्याचा हिशेब त्रैराशिकाचा आहे: माणसाचे अंतर गुणिले पाटीची रुंदी, भागिले लेन्सचे नाभीय अंतर. दहा फुटांच्या खोलीत कॅमेरा भिंतीला टेकविला तरी बोलणारा माणूस सात फुटांवर येतो. पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली तर सुमारे अडीच फूट रुंदी मिळते, म्हणजे चेहरा आणि खांदे. पंचवीसची लावली तर पावणेपाच-पाच फूट. माणूस, त्याचे हात, शेजारी टेकलेली काठी. बाराची लावली तर दहा फूट, सगळी भिंत. कामगाराचे बोलणे निम्मे हातांत असते, म्हणून मी पंचवीसच्या बाजूचा. पहिली लेन्स एकच घ्यावी आणि ती या हिशेबाने घ्यावी. चार लेन्सांचा संच घेऊन तीन कपाटात ठेवणारे मी पाहिले आहेत.

येथेच स्वस्त जुन्या लेन्सांची अडचण येते. सोव्हिएत बनावटीची हेलिऑस 44-2 पुष्कळांच्या तोंडी असते. 58 मिलिमीटरची ही लेन्स चेहऱ्याला फार सुंदर. पण आमच्या खोलीत ती दोन फुटांच्या पलीकडे काही दाखवीत नाही. जुन्या काळच्या रुंद लेन्सा मोठ्या पाटीच्या मापाने रुंद होत्या. 28 मिलिमीटरची लेन्स त्यांच्या कॅमेऱ्यावर ऐसपैस. आपल्याकडे ती साधारण नजरेइतकीच. म्हणून लांबच्या लेन्सा जुन्या घ्याव्यात, आणि जवळची रुंद लेन्स लहान पाटीसाठीच घडविलेली नवी घ्यावी, असे माझे मत झाले आहे. मायके या चिनी कंपनीची 25 मिलिमीटर, T2.2 ही अशाच कामाची आहे.

नव्या लेन्सवर ‘सिने’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ नीट समजून पैसे द्यावेत. पहिला अर्थ, फोकसचे कडे पुष्कळ फिरते. छायाचित्राच्या लेन्सला जे काम थोड्याशा वळणात होते त्याला येथे मोठे वळण लागते, म्हणून हात किंचित चुकला तरी चेहरा हातचा जात नाही. दुसरा, प्रकाशाचे कडे टकटक न करता सरकते, त्यामुळे चालू चित्रणात उजेड हळू कमीजास्त करता येतो. तिसरा, आकडा f चा नसून T चा असतो. f हे छिद्राचे गणित, T म्हणजे काचांतून प्रत्यक्ष पार झालेला उजेड मोजून दिलेला आकडा. दोन-तीन लेन्सांची चित्रे जोडावयाची असतील तर T ची किंमत आहे; एकाच लेन्सवर काम करणाऱ्याला तिचे विशेष अप्रूप नको. कड्यांवरचे दातेही यंत्राने फोकस फिरविणाऱ्यांसाठी. कोरियाच्या सॅमयांगने तर आपल्या छायाचित्राच्या लेन्सांच्याच काचा ठेवून त्यांना दाते आणि सरकते कडे बसवून सिने-लेन्सा विकल्या. यात फसवणूक नाही. पण आपण काच विकत घेतो आहोत की कडे, हे ठाऊक असावे.

लहान पाटीची एक दया आहे. सात फुटांवर, T2.2 वर, पंचवीसच्या लेन्सने सुमारे दीड फुटाची खोली स्पष्ट राहते. पन्नासची, f2 वर, चारच इंच देते. म्हातारा खोकला तरी बाहेर. मागची भिंत धूसर करण्याच्या हौसेपायी छिद्र सताड उघडून चेहरा गमावू नये. आम्ही 2.8 वर ठेवतो आणि खिडकीपाशी बसवितो.

जुनी लेन्स घेताना जोडकडे लागते. आमच्या कॅमेऱ्यात तोंडापासून पाटीपर्यंतचे अंतर 19.25 मिलिमीटर, निकॉन एफ पद्धतीत 46.5, मधले 27.25 जोडकड्याने भरून काढावयाचे. हलक्या दर्जाचे कडे किंचित आखूड असते, मग लेन्सवरचे फुटांचे आकडे खोटे ठरतात. ज्या लेन्सवर प्रकाशाचे स्वतंत्र कडे नाही ती घेऊ नये. साध्या जोडकड्यावर तिचे छिद्र आपल्या ताब्यात राहत नाही. पुढेमागे मोठ्या पाटीचा कॅमेरा येणार असेल तर ही जुनी लेन्स त्यालाही चालेल. लहान पाटीसाठी घडविलेली चालणार नाही.

आणि बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी वाढते. दुकानात मागून बॅटरीचा उजेड टाकून समोरून आत पाहावे. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. जाळे दिसले तर लेन्स खाली ठेवावी. पात्यांवर तेल नसावे. कडे उलटसुलट फिरवून पाहावे. दिशा बदलताना ते क्षणभर नुसतेच हलत असेल तर फोकस घसरणार. मग सात फुटांवर वर्तमानपत्र टांगावे, शिंप्याच्या फितीने अंतर मोजावे, आणि छिद्र पूर्ण उघडून कोपऱ्यातली बारीक अक्षरे वाचता येतात का ते पाहावे. दुकानदार घाई करू लागला तर बाहेर पडून दुसरे दुकान गाठावे.