मागचा दिवा

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आपल्या ट्रॉलीचा मागचा दिवा कधी दिसत नाही. तो लागलेला असो की विझलेला, त्याच्या वाटेवरचा उजेड तसूभरही कमीजास्त होत नाही. म्हणूनच बहुधा हा दिवा सर्वांत आधी बंद पडतो आणि सर्वांत शेवटी दुरुस्त होतो.

बारामती तालुक्यातले लोणी भापकर मल्लिकार्जुनाच्या देवळासाठी आणि पुष्करणीसाठी ओळखले जाते. तालुक्यात सोमेश्वर आणि माळेगावचे सहकारी साखर कारखाने आहेत. गाळप सुरू झाले की इकडचे रस्ते रात्रीही जागे राहतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाचा डोंगर. हंगामाच्या तोंडाला बीडकडच्या ऊसतोड मजुरांचा संसारही अशाच ट्रॉल्यांतून येतो. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे सगळे त्यातच. हौशी पर्यटकाच्या फिरत्या घराला दाराबाहेर दिवा असतो, तो त्याच्या स्वतःच्या सोयीचा. या फिरत्या घराचा दिवा मात्र मागून येणाऱ्या परक्यासाठी असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८, ट्रॉलीलाही मोटार वाहनच मानतो. १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते; म्हणजे दिवा असेल तर स्वाराला नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल आणि ट्रॉली ४० मीटरवर दिसली, तर अडीच सेकंदांहूनही कमी. त्यातला एक-दीड सेकंद ब्रेकवर पाय पडण्यातच जातो. समोरून एखाद्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, तर उरलेला हिशेबही संपला.

बँकेत असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कर्जाची प्रकरणे वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेली. कोटेशन, विमा, तारण, हप्ते, सगळे चोख. त्या सवयीने हा हिशेबही मांडून पाहतो. मागचा साधा बल्ब पाच वॅटचा. दोन ट्रॉल्यांचे चार बल्ब आठ तास जळले, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १३ अँपिअर-तास खर्च होतात. एलईडीला त्याहून पुष्कळ कमी लागतात. रात्री रस्त्याकडेला थांबताना बॅटरी उतरेल म्हणून दिवे मालवणे हा फार महागडा काटकसरीपणा आहे.

मात्र ट्रॅक्टर सोडवून नेला, की ट्रॉलीची वीजही जाते. तेव्हा भिस्त परावर्तकावर. आपण त्या पट्टीला ‘रेडियम’ म्हणतो, पण तिच्यात रेडियम नसते आणि ती स्वतः चमकतही नाही. समोरून पडलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवणे, एवढेच तिचे काम. चिखलाने माखली, उसाने झाकली, की ते थांबले. म्हणून दिव्याला परावर्तक पर्याय नव्हे, जोडीदार आहे.

उपाय अवघड नाही. फडातून निघताना एकाने ट्रॉलीमागे उभे राहावे, पट्टीवरून ओले फडके फिरवावे, आड आलेला ऊस छाटावा, आणि दिवा लागल्याचे चालकाला ओरडून सांगावे. दोन मिनिटांचे हे काम ज्याच्यासाठी करायचे, त्याची आपली ओळख नसते. तो सुखरूप पुढे निघून गेला, तर होणारही नाही.