चष्मा देणाऱ्याचे शिक्षण विचारा



उसाची नोंद, लागणीची तारीख, तोडणीचा क्रम हे या पानावरचे नेहमीचे विषय. या वेळी डोळ्यांविषयी लिहितो. वजनकाट्याची पावती हात लांब करून वाचणारे सभासद रोज दिसतात. चाळिशी उलटली की जवळचे नीट दिसेनासे होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण चष्मा करून देणारा शिकलेला आहे की नुसताच दुकानदार, हे आपण विचारतो का?

माळशेज घाट उतरून मुरबाडवरून शहापूरकडे जाताना भातसा नदीकाठी सापगाव लागते. तिथे आपल्या एका सभासदाचा भाचा राहतो. त्याने विचारले, "बारावी सायन्स झालोय. चष्म्याचं दुकान टाकायचं तर कोणती परीक्षा द्यावी लागते?" उत्तर ऐकून नवल वाटेल. नुसत्या चौकटी आणि काचा विकायच्या तर दुकानाची नोंद पुरते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लहान दुकानाला तर कामकाज सुरू केल्याची सूचना दिली तरी चालते. म्हणजे भिंतीवर टांगलेला तो कागद दुकानाचा आहे, ज्ञानाचा नव्हे.

डोळे तपासून नंबर काढणे हे काम मात्र शिकावे लागते. त्या विद्येला ऑप्टोमेट्री म्हणतात. बारावी विज्ञानानंतर पदवीचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा राहिला आहे. त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. डोळ्याची रचना, प्रकाशाचे नियम, रेटिनोस्कोपने नंबर काढणे, दोन बाहुल्यांमधले अंतर मोजून काचा बसवणे, हे सारे त्यात येते. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही असते. बाहुल्यांचे अंतर चुकले, तर नंबर बरोबर असूनही डोके दुखते. मग आपण म्हणतो, "मला चष्मा सोसत नाही."

दुसरी वाट सरकारी दवाखान्याची. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यापाड्यात डोळे तपासायला माणसे हवीत म्हणून त्याखाली नेत्र सहाय्यक तयार केले गेले. आपल्याकडे त्यांना नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ते नंबर काढून देतात, मोतीबिंदूचे रोगी हेरून पुढे पाठवतात.

आता कायदाही आला आहे. केंद्राच्या २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्र सहाय्यक व दृष्टी तंत्रज्ञ यांचा समावेश आहे. पदविका-पदवीला किमान किती तास शिक्षण हवे, हेही त्यात ठरले आहे: सहयोगी व्यावसायिकाला २००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकाला ३६०० तास. राज्याच्या नोंदवहीत नाव आणि व्यवसायात उतरण्यापूर्वी परवाना परीक्षा, अशा तरतुदीही आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्यानेच चष्मेवाल्यांची नोंदणी सुरू झाली. तिथे सोळा वर्षांखालच्या मुलाचा चष्मा नोंदणी झालेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय देता येत नाही.

हे आपल्याला नवे नाही. कीटकनाशक विकणाऱ्याला शेतीचे शिक्षण हवे, हे आता आपण मान्य केले आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ पासून कृषी-निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका चालवली आहे. पिकाच्या औषधाला शिकलेला माणूस पाहिजे, मग डोळ्याला नको का?

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. तोडणीत, पाचट काढताना उसाचे पान डोळ्याला लागते. पानाच्या जखमेतून बुबुळावर बुरशी धरते आणि व्रण होतो. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, घरात पडलेले थेंब घालू नका. स्टिरॉइडचे थेंब अशा व्रणात नजर घालवू शकतात. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्याला होणारी इजाही चष्म्याचा नंबर बदलून बरी होत नाही. ती डॉक्टरांनीच पाहायची.

तेव्हा दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचारा: नंबर कोण काढणार, त्याचे शिक्षण काय आणि कुठून झाले? शिकलेला माणूस रागावत नाही, उलट प्रमाणपत्र दाखवतो. नंबरचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

सापगावच्या त्या मुलाला सांगितले, आधी शिकून घे, दुकान नंतर. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा आणि नव्या कायद्याखाली नोंदणीला चालेल का, हे लेखी विचार. आपल्या घरातल्या बारावी झालेल्या मुलामुलींनाही हेच सांगावे. तालुक्याच्या गावी असा एक शिकलेला माणूस बसला, तर दहा-वीस गावांची सोय होईल.